भट्टीच्या वायूपासून वीज : आधी माप, मग टर्बाईन

"केटला मेगावॉट नीकळशे?" (किती मेगावॉट निघतील?) फोन उचलला की नमस्काराच्या आधी हा प्रश्न येतो. पलीकडे कच्छमधला नाहीतर छत्तीसगढमधला एखादा कारखानदार असतो. मी उलट तीन प्रश्न टाकतो. वायू किती, गरम किती आणि वर्षातले तास किती? पहिल्याचं उत्तर अंदाजपंचे मिळतं, दुसऱ्याचं भट्टी पुरवणाऱ्याच्या माहितीपत्रकातून येतं आणि तिसऱ्याला "बारे महिना चालू" असं ठोकून दिलं जातं. या तिन्ही उत्तरांवर विसंबून टर्बाईन मागवलेल्यांना मी नंतर दुरुस्तीच्या बैठकीत भेटतो.

माझं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजाराच्या मागे. काम मात्र सगळं रायगढ, राउरकेला, बळ्ळारीकडे. (रायगढ म्हणजे छत्तीसगढमधलं. मुलगा शिवरायांच्या किल्ल्याजवळ नोकरीला आहे, असंच माझी आई शेजाऱ्यांना सांगत राहिली.) पोलादाच्या मोठ्या भट्ट्या आमच्या शहरात नाहीत. पण माणेजाला वाफेची टर्बाईनं बनतात आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, डक्ट, टाक्या, हीट एक्स्चेंजर जोडणाऱ्या शेडा आहेत. त्यामुळे भट्टी परप्रांतात आणि तिच्या धुराचा हिशोब इथे, असं बऱ्याचदा होतं. अशा कामावर पहिल्यांदा निघालेल्या पोरांसाठी आणि त्यात पैसे घालणाऱ्यांसाठी ही पायऱ्यांची मांडणी.

पायरी १ : तुमचा वायू कोणता ते ओळखा

"वाया जाणारा वायू" हा एकच शब्द चार अगदी वेगळ्या जिनसांना वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

झोतभट्टीचा, म्हणजे ब्लास्ट फर्नेसचा वायू भरपूर पण पाणचट. एक टन कच्च्या लोखंडामागे १,५०० ते १,८०० नॉर्मल घनमीटर वायू निघतो. त्यात निम्मा नायट्रोजन, पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइड; जळणारा भाग म्हणजे २० ते २५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि चिमूटभर हायड्रोजन. उष्मांक घनमीटरला ७५० ते ९०० किलोकॅलरी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या जेमतेम दहावा हिस्सा. कोक भट्टीचा वायू याच्या अगदी उलट. निम्म्याहून जास्त हायड्रोजन, चौथा हिस्सा मिथेन, उष्मांक ४,००० किलोकॅलरीच्या आसपास. पण त्याच्याबरोबर डांबर, नॅफ्थलिन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड येतात. ते नीट काढले नाहीत तर बर्नरची तोंडं महिन्याभरात बुजतात.

तिसरा एलडी कन्व्हर्टरचा, म्हणजे ऑक्सिजन फुंकून लोखंडाचं पोलाद करणाऱ्या भट्टीचा. यात ६० ते ७० टक्के कार्बन मोनॉक्साइड, उष्मांक १,८०० ते २,००० किलोकॅलरी. वायू चांगला, पण सलग येत नाही. चाळीसेक मिनिटांच्या एका हीटमध्ये (घाण्यात) ऑक्सिजन फुंकला जातो १५ ते १८ मिनिटं, आणि त्यातलीही सुरुवातीची नि शेवटची मिनिटं सोडून द्यावी लागतात, कारण तेव्हा कार्बन मोनॉक्साइड कमी आणि ऑक्सिजन जास्त असतो. गॅस होल्डरशिवाय, म्हणजे वायू साठवणाऱ्या टाकीशिवाय, हा वायू विजेच्या कामाचा नाही.

चौथा स्पंज आयर्न (धातुक न वितळवता केलेलं लोखंड) बनवणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या फिरत्या किल्नचा, आणि मला येणारे बहुतेक फोन याचेच. इथला वायू बॉयलरपर्यंत येण्याआधीच आफ्टर बर्निंग चेंबरमध्ये जळून जातो. बॉयलरला मिळते ती ९५० अंशांच्या आसपासची उष्णता आणि एक घनमीटरमागे २०-३० ग्रॅम धूळ. म्हणजे इथे जाळायचं काही उरत नाही, नुसतं गार करायचं असतं. बर्नर नाही, गॅस होल्डर नाही; झगडा सगळा राखेशी.

इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर पोलाद वितळवणाऱ्या भट्टीच्या) धुरातून वीज काढायची का, असंही कुणी विचारतं. तो धूर हूडमध्ये बाहेरच्या हवेने गार होऊन येतो. सोडून द्या.

पायरी २ : मोजा. महिनाभर मोजा.

मला सांगायचं आहे ते मुख्यतः या पायरीत आहे.

किल्नचा प्रवाह मोजायला चिमणीवर ठरलेल्या उंचीला पिटॉट नळी घालून आडव्या-उभ्या रेषेत दाब घ्यायचे. पण चिमणीतला आकडा म्हणजे किल्नचा वायू नव्हे. मध्ये डक्टच्या जोडांतून, ईएसपीच्या (विजेने धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) राखेच्या हॉपरमधून, कुठल्या उघड्या राहिलेल्या मॅनहोलमधून बाहेरची हवा आत शिरत असते. म्हणून ऑक्सिजन दोन जागी मोजा, आफ्टर बर्निंग चेंबरनंतर आणि चिमणीत. पहिल्या जागी ४ टक्के नि दुसऱ्या जागी ९ टक्के निघाला, तर चिमणीत दिसणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा फुकटची गार हवा आहे. ती तुम्ही आयडी फॅनला, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याला, वीज देऊन ओढताय.

तापमानाचंही तसंच. चेंबरमधल्या थर्मोकपलवर राखेचं कवच चढतं आणि तो खरं तापमान दाखवायला कुचराई करतो. आठवड्यातून एकदा बाहेर काढून खरवडा, मगच आकडा लिहा.

आता ताळा. १०० टन रोजच्या किल्नमधून ताशी सुमारे २४,००० नॉर्मल घनमीटर वायू निघतो. तो ९५० अंशांवरून १७० वर आणला तर फरक ७८० अंशांचा. घनमीटरला अंशामागे ०.३६ किलोकॅलरी धरली तर ताशी सुमारे ६७ लाख किलोकॅलरी हाती येते. ८६० ने भागा (एक किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी) : साधारण ७,८०० किलोवॉट उष्णता. छोट्या वाफेच्या संचात यातली चौथाई वीज होते असं धरा, म्हणजे जवळजवळ २ मेगावॉट. वाफ ताशी १० टन. "शंभर टनाला दोन मेगावॉट" हा धंद्यातला पाढा इथूनच आला आहे. पाढा खोटा नाही, पण तो किल्न पूर्ण ताकदीने चालते त्या दिवसाचा आहे.

झोतभट्टीचं गणित वेगळ्या तऱ्हेने करायचं, कारण तिथे वायूला आधीपासूनचे हक्कदार असतात. समजा भट्टी रोज ५०० टनांची. टनाला १,६०० धरले तर ताशी ३३,००० घनमीटर. भट्टीत जाणारी हवा तापवणारे स्टोव्ह आधी आपला वाटा घेतात, मग सिंटर प्लांट, लॅडल तापवणं वगैरे. हे सगळे मिळून ४० टक्के नेतात असं धरू. उरले २०,००० घनमीटर. ८०० किलोकॅलरीने गुणून ८६० ने भागलं की १८,६०० किलोवॉट उष्णता, त्याची चौथाई ४,६५० किलोवॉट. त्यातून पंखे, पंप, कूलिंग टॉवर यांचे दहाएक टक्के गेले. म्हणजे ४.२ मेगावॉट, आणि तेही भट्टी न कुरकुरता चालली तर.

दर तासाच्या अशा नोंदी निदान महिनाभर घ्या, आणि सरासरी काढू नका. सरासरी फसवते. नोंदी उतरत्या क्रमाने लावा आणि शंभरातल्या ८० तासांत जेवढा वायू नक्की होता तो आकडा धरा. पुढचं सगळं त्याच्यावर. मोजायला स्वतःची माणसं नसतील तर एनर्जी ऑडिट करणाऱ्या संस्था आहेत, आमच्या मकरपुऱ्यातली एर्डा त्यांपैकी एक. यंत्राच्या किमतीपुढे त्यांची फी म्हणजे चहापाणी.

पायरी ३ : टर्बाईनचा आकार

एका कारखान्यात, नाव सांगत नाही, १०० टनांच्या तीन किल्न होत्या. मालकाने पाढा म्हटला, सहा मेगावॉट. वर "पुढे चौथी किल्न येणारच आहे" म्हणून ८ मेगावॉटचं टर्बाईन आणलं. आकडेमोडीवर माझीही सही होती, हे लपवत नाही. झालं असं की किल्नच्या आत काही महिन्यांनी कड्या जमतात. राख, बारीक कोळसा, धातुक यांची ती कड पोटातला रस्ता अरुंद करते, किल्न थांबवून गार करून फोडावी लागते आणि त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. तीन किल्न असल्या की एखादी कायम माजघरात निजलेली. त्यातून कोळसा पावसात भिजलेला. टर्बाईन वर्षभर साडेतीन मेगावॉटच्या आसपास घुटमळलं. कमी भारावर टर्बाईन वाफेच्या टनाला कमी युनिटं देतं आणि बँकेचा हप्ता मात्र आठ मेगावॉटचाच असतो. चौथी किल्न अजून आलेली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. ८० टक्के तासांत मिळणाऱ्या वायूवर टर्बाईनचा आकार ठरवा, त्याच्या वर फार तर १०-१५ टक्के. एखाद्या दिवशी वायू जास्त झाला नि थोडी वाफ आकाशात सोडावी लागली तर लागू दे. वर्षातून शंभर तास वाफ सोडणं परवडतं, हजारो तास अर्धपोटी टर्बाईन नाही.

भार स्थिर ठेवायचा दुसरा एक मार्ग स्पंज आयर्नवाल्यांकडे असतो. किल्नमधून स्पंजबरोबर डोलोचार निघतो, त्यात अजून बराच कार्बन शिल्लक असतो. तो कोळशाच्या चुऱ्याबरोबर फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये जाळून ती वाफ त्याच हेडरला, म्हणजे वाफेच्या सामाईक नळीला, जोडतात. एखादी किल्न बंद पडली की हा बॉयलर वाढवायचा. चांगला मार्ग आहे, पण मग तुमचं वीजघर "वाया जाणाऱ्या उष्णतेचं" राहिलं नाही. कोळसा विकत घेता ना? हिशोब वेगळा ठेवा, नाहीतर फायदा कशाचा आणि तोटा कशाचा हे कधीच कळणार नाही. आणि "हरित वीज" असा फलक गेटवर लावू नका. झोतभट्टीचा वायू बॉयलरमध्ये जळला काय नि फ्लेअरवर जळला काय, चिमणीतून कार्बन डायऑक्साइड तेवढाच जातो. ग्रिडवरची तेवढी कोळशाची वीज वाचते, हे खरं आणि तेवढंच पुरेसं आहे.

पायरी ४ : वाफ, इंजिन की गॅस टर्बाईन

वायू थेट इंजिनात जाळायची कल्पना जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बेल्जियमच्या कॉकरिल कंपनीने झोतभट्टीच्या वायूवरचं अगडबंब इंजिन मांडलं होतं. सयाजीरावांचं कलाभवन (वडोदऱ्यातली तंत्रशाळा) तेव्हा दहा वर्षांचं झालं होतं. आजची गॅस इंजिनं वाफेच्या छोट्या संचापेक्षा जास्त, ४० टक्क्यांच्या जवळ वीज काढतात. पण वायू अतिशय स्वच्छ लागतो आणि हायड्रोजन जास्त असला की इंजिन ठोकायला लागतं. कोक भट्टीचा थोडा, नियमित, धुतलेला वायू असेल तर विचार करा. गॅस टर्बाईनच्या कम्बाइन्ड सायकलमध्ये पाणचट वायू दाबून भरण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडते. ते मोठ्या एकात्मिक कारखान्यांचं काम. झोतभट्टीच्या तोंडाचा दाब वापरणारं टॉप प्रेशर टर्बाईनही त्यांचंच. ते वायू न जाळता टनाला २०-४० युनिटं देतं, पण भट्टी दाबावर चालणारी असावी लागते.

बाकी सगळ्यांनी बॉयलर आणि वाफेचं टर्बाईन. ६५ किलो दाब, ४८५ अंश वाफ हे आपल्याकडचं रुळलेलं माप आहे. माणसंही त्यावर शिकलेली मिळतात. पाणी कमी असेल तर हवेने गार होणारा कंडेन्सर घ्या आणि मे महिन्यातल्या दुपारी व्हॅक्यूम पडून वीज घटणार, हे आजच कागदावर लिहा.

पायरी ५ : किल्नच्या बॉयलरची राख

चेंबरचं तापमान हजार अंशांच्या वर गेलं की राख मऊ होते आणि नळ्यांवर चिकटून दगड बनते. म्हणून पाण्याचा फवारा आणि हवा यांनी ते ९५० च्या आसपास धरायचं. फवाऱ्याचे नोझल महिन्यातून तपासा. नोझल झिजलं की फवाऱ्याची पिचकारी होते, आणि ती पिचकारी समोरच्या तापलेल्या विटांच्या अस्तराला तडे पाडते.

बॉयलर घेताना पहिल्या पासमध्ये नळ्यांची दाटी नको. रिकामी जागा जास्त, वायूचा वेग कमी. नळ्यांवर ठोके मारून राख पाडणारी यंत्रणा मागा. सूट ब्लोअर (वाफेच्या झोताने राख उडवणारा) एकटा पुरत नाही. शेवटी वायू १७० अंशांच्या खाली नेण्याचा हावरटपणा करू नका. कोळशातल्या गंधकाचं आम्ल होऊन इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या) नळ्या आणि ईएसपीचा पत्रा खातं.

आणि आपत्कालीन झाकण! चेंबरच्या डोक्यावरची ती टोपी संकटात उघडावी म्हणून असते. पण एकदा उघडली की ती परत घट्ट बसत नाही, आणि तुमची वीज तिथून आभाळात जात राहते. दिवसा दिसत नाही. रात्री शेडच्या गच्चीवरून बघा, टोपीच्या कडेला लाल रेघ दिसली तर समजा. मी नव्या जागी गेलो की पहिल्या रात्री हेच बघतो.

पायरी ६ : कार्बन मोनॉक्साइड

झोतभट्टी, कोक भट्टी किंवा एलडीचा वायू असेल तर ही पायरी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांसाठी मर्यादा होती दशलक्ष भागांत ५० भाग. झोतभट्टीच्या वायूत तो दोन लाखांहून जास्त असतो. डोकं दुखायला लागलं, पायातली ताकद गेली, असं वाटेपर्यंत माणसाला स्वतःहून बाहेर येण्याची अक्कलही उरत नाही. आणि पडलेल्याला उचलायला दुसरा नुसता धावत जातो, तोही पडतो. उचलायला जाणाऱ्याच्या पाठीवर श्वसनाचा सिलिंडर हवाच. नाकातोंडावर बांधलेला ओला रुमाल काही करत नाही, हे शिफ्टमधल्या शेवटच्या मजुराला त्याच्या भाषेत सांगा.

वायूची नळी बंद करायला एका व्हॉल्ववर कधीच भरवसा नको. व्हॉल्व, त्यापुढे गॉगल व्हॉल्व किंवा ब्लाइंड (नळीत आडवा घातलेला पत्रा), आणि वॉटर सील (वायू अडवणारा पाण्याचा थर). सीलमधल्या पाण्याची उंची वायूच्या जास्तीत जास्त दाबापेक्षा ठरलेल्या फरकाने वर हवी. दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत याच सोयीसाठी आहे. पण सील म्हणजे पाणीच, हे विसरू नका. जून २०१४ मध्ये भिलाई पोलाद कारखान्यात पंपहाउसमध्ये बिघाड होऊन पाण्याचा दाब गेला, वायू स्वच्छ करणाऱ्या विभागातून झोतभट्टीचा वायू बाहेर आला आणि सहा माणसं गेली. त्यात दोन उपमहाव्यवस्थापकही होते. म्हणून सीलच्या पाण्याला वेगळी उंचावरची टाकी, पातळीचा वेगळा भोंगा, आणि तो भोंगा वाजला की काय करायचं याची दर महिन्याला रंगीत तालीम.

वायूचा दाब पडला तर बॉयलर आपोआप बंद झालाच पाहिजे. नळीतला दाब बाहेरच्या हवेखाली गेला की हवा आत शिरते, आणि आतल्या मिश्रणाला फक्त ठिणगी लागते. "जरा थांब, दाब येईल परत" असं म्हणत ट्रिप (आपोआप बंद करणारी यंत्रणा) बायपास करणारा ऑपरेटर मी पाहिला आहे. त्याला त्याच दिवशी पॅनेलवरून उठवलं.

पायरी ७ : परवाने

बॉयलरचं आरेखन आणि बांधणी भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे. जनरेटरसाठी विद्युत निरीक्षकाची मंजुरी, राज्याच्या प्रदूषण मंडळाची उभारणीची नि चालवण्याची अशा दोन संमती, आणि वीज कंपनीकडून समांतर चालवण्याची परवानगी. दुसरी कंपनी काढून तिच्या नावाने वीजघर बांधणार असाल तर कॅप्टिव्हचा, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या वीजघराचा, नियम पाहा : वापरणाऱ्यांची मालकी निदान २६ टक्के आणि विजेतला वापर निदान ५१ टक्के. समांतर चालवण्याच्या परवानगीला नेहमी वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधी टाका.

पायरी ८ : पहिल्यांदा पेटवताना

विटांचं अस्तर सावकाश सुकवा. मालक कितीही घाई करो, आराखड्यातला तास कमी करू नका. मग बॉयलर आतून रसायनाने उकळून धुवायचा. त्यानंतर वाफेच्या नळ्या फुंकायच्या : टर्बाईन जोडण्याआधी जोरात वाफ सोडून बाहेर तोंडाशी चकचकीत धातूची पट्टी धरतात. वेल्डिंगचा कण असेल तर पट्टीवर टोचा पडतो. टोचे पडायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. गावात रात्री हे काम करणार असाल तर सरपंचांना आधी सांगा. आवाजाने लोक घराबाहेर येतात.

वायूवरच्या बॉयलरला आणखी एक क्रम. आधी पंख्यांनी आतली हवा पूर्ण पालटायची, मग तेलावर किंवा कोक भट्टीच्या वायूवर फर्नेस लालभडक करायची, आणि नळी नायट्रोजनने धुवून, वायूने भरून, व्हेंटवर ऑक्सिजन १ टक्क्याखाली आल्याचं पाहूनच झोतभट्टीचा वायू सोडायचा. त्याची ज्योत दुबळी असते, थंड फर्नेसमध्ये ती टिकत नाही. आधाराची ज्योत "तेल वाचवायला" बंद करणाऱ्यांनी आधी हे एकदा डोळ्यांनी बघावं.

पायरी ९ : ग्रिड आणि स्वतःच्या भट्ट्या

बहुतेक ठिकाणी ही वीज शेजारच्या इंडक्शन फर्नेसला जाते, आणि ती भट्टी भारी लहरी. चार्ज टाकला, ताव वाढवला, थांबवला. मिनिटामिनिटाला मेगावॉट वरखाली. वर हार्मोनिक्स, म्हणजे विजेची लहर बिघडवणाऱ्या जादा लहरी. छोटा जनरेटर एकटा या भट्टीला बांधला तर गव्हर्नर (टर्बाईनचा वेग सांभाळणारा) नाचतो आणि शेवटी ट्रिप होतो. ग्रिडशी समांतर राहा, चढउतार ग्रिडला झेलू द्या, टर्बाईन सपाट चालवा. ग्रिड गेली की सेकंदाच्या आत वेगळं होऊन फक्त बॉयलरचे पंप, पंखे आणि नियंत्रण चालू राहतील असा भार आधीच ठरवून ठेवा. किल्नची मोटरही त्याच यादीत हवी. गरम किल्न फिरायची थांबली तर तिचं कवच वाकतं, आणि मग विजेचा विषय कुणी काढत नाही.

पायरी १० : नोंदवही

दर शिफ्टला पाच आकडे पुरतात. स्पंजचे किंवा लोखंडाचे टन, बॉयलरच्या तोंडाचं तापमान, शेवटचं तापमान, चिमणीतला ऑक्सिजन आणि युनिटं. युनिटांना टनांनी भागा. १०० टनांच्या किल्नला २ मेगावॉटने रोजची ४८,००० युनिटं, म्हणजे टनाला ४८०. हा आकडा ४०० खाली सरकला की तीन जागा या क्रमाने तपासा : टोपीची लाल रेघ, नळ्यांवरची राख, डक्टमधली चोरटी हवा. टर्बाईनवाल्याला फोन त्यानंतर.